जुनी गाडी सिग्नलला तापते? आधी पंख्याभोवतीचा घेर पाहा!

गाडी मोकळ्या रस्त्यावर धावत असते तोवर सारे ठीक असते. पण सिग्नलला पाच मिनिटे थांबावे लागले, घाटात ट्रकच्या मागे रांगेत अडकली, की काटा वर चढू लागतो आणि रेडिएटरमधून वाफ येते. जुन्या गाडीच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. मग खर्चाचा पाढा सुरू होतो. कोणी रेडिएटर बदलायला सांगतो, कोणी वॉटर पंप, कोणी थेट इंजिन उघडायला सांगतो. हातावर पोट असलेल्या माणसाने हा खर्च कोठून करायचा? आणि एवढे करूनही गाडी तापतच राहिली तर दोष कोणाला द्यायचा?

अशा वेळी एका साध्या पत्र्याच्या भागाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रेडिएटर आणि त्याच्या मागचा पंखा यांच्यामधला हा घेर. इंग्रजीत त्याला श्राऊड म्हणतात. गॅरेजमध्ये कोणी काऊल म्हणते, कोणी नुसते पंख्याचे कव्हर. आपण त्याला घेरच म्हणू. या घेराचे काम काय, तो कोठे मिळतो आणि मिळाला नाही तर हाताने कसा करता येतो, याची माहिती आज घेऊ या.

घेर करतो काय?

रेडिएटर चौकोनी असतो आणि पंखा गोल. सारी गोम इथेच आहे. समजा, रेडिएटरची जाळी १८ इंच रुंद आणि १७ इंच उंच आहे. तिचे क्षेत्रफळ झाले ३०६ चौरस इंच. त्यामागे १४ इंचांचा पंखा फिरतो. त्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ भरते सुमारे १५४ चौरस इंच. म्हणजे पंख्यासमोर जाळीचा जेमतेम निम्मा भाग येतो. गाडी उभी असताना चारही कोपऱ्यांतून हवा फारशी खेचली जात नाही. कोपऱ्यांतले पाणी गरमच राहते.

दुसरी गोष्ट अशी की, हवा नेहमी सोपी वाट धरते. पंख्याभोवती मोकळी जागा असली तर जाळीतून थंड हवा ओढण्याऐवजी तो इंजिनाजवळची गरम हवाच बाजूने पुन्हा ओढून घेतो. घेर ही चोरवाट बंद करतो. मग पंख्याला हवा घ्यायला जाळीखेरीज दुसरा मार्ग उरत नाही आणि कोपऱ्यांनाही वारा लागतो.

गाडी वेगात असताना वारा आपणहून जाळीत शिरतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर घेराची उणीव जाणवत नाही. यावरूनच आजार ओळखता येतो. फक्त उभ्याने किंवा हळू चालताना गाडी तापत असेल, तर पंखा, त्याचा पट्टा आणि घेर पाहा. वेगातही तापत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इग्निशनचे टायमिंग किंवा हेड गॅस्केट, यांपैकी काही असू शकते. अशा गाडीला नवा घेर बसवून उपयोग नाही. कारागिरानेही हे गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगावे.

घेर हरवतो कसा?

काही जुन्या गाड्यांना कारखान्यातूनच घेर नसे. ज्यांना होता, त्यांचाही पुष्कळदा नाहीसा झालेला असतो. पट्टा किंवा वॉटर पंप बदलताना घेर आड येतो. घाईत तो काढला जातो आणि पुन्हा बसवायचा राहतो. काही घेर पावसापाण्याने गंजून गळून पडतात. आपल्या गाडीला घेर होता की नाही हे पाहायचे असेल, तर रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्या नीट तपासा. तिथे रिकामी बोल्टची भोके किंवा लोंबकळणाऱ्या क्लिपा दिसल्या तर समजावे, इथे पूर्वी काहीतरी बसवलेले होते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट ही गाडी निघू लागली. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असे समीकरण होते. अनेक कुटुंबांची चूल तिच्यावर पेटली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. अँबॅसॅडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांचे लहानसहान भाग आता एकतर भंगारात शोधावे लागतात, नाहीतर हाताने घडवावे लागतात.

शोधायला निघण्यापूर्वी

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट ही जुन्या सुट्या भागांची नावाजलेली ठिकाणे. पण 'अमक्या गाडीचा घेर द्या' एवढे सांगून भागत नाही. सहा मापे कागदावर लिहून न्यावीत : जाळीची रुंदी आणि उंची, पंख्याचा व्यास, पंख्याचा मध्य जाळीच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे, तोच मध्य एका बाजूपासून किती आत आहे, आणि जाळी व पाते यांच्यात किती अंतर आहे. पंखा जाळीच्या बरोबर मध्यभागी असेलच असे नाही. हे न मोजता आणलेला घेर घरी आल्यावर पात्याला घासतो.

दुसऱ्या गाडीचा घेर थोडा मोठा असला तर कापून जोडता येतो. लहान घेर मात्र घेऊ नये. काहीजण जुना पंखा काढून नव्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा त्याच्या प्लास्टिकच्या घेरासकट बसवतात. ते चालते, पण हा पंखा वीज बरीच खातो. जुन्या गाडीत डायनामो असेल, तर इंजिन मंद चालू असताना तो फार थोडी वीज देतो. सिग्नलला पंखा तर चालेल, पण बॅटरी उतरेल.

हाताने घडवायचा तर

साहित्य साधेच लागते. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा, पत्रा कापायची कात्री, हातोडी, ड्रिल, रिव्हेट आणि रंग. पत्र्याला हात लावण्याआधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. पुठ्ठा चुकला तर काही जात नाही, पत्रा चुकला तर पैसे जातात.

घेराचे दोन भाग असतात. जाळीला लागून बसते ती उथळ चौकोनी पेटी आणि पंख्याभोवती येते ते गोल कडे. पेटीची खोली निदान एक-दीड इंच ठेवावी. पत्रा जाळीला चिकटूनच बसवला तर कोपऱ्यांची हवा मधोमध येणार कशी?

कड्याचे माप असे काढावे. पात्याच्या टोकापासून चहूबाजूंनी पाऊण इंच जागा सोडायची. पंखा १४ इंचांचा असेल तर कड्याचा व्यास साडेपंधरा इंच होतो. त्याला ३.१४ ने गुणले की परिघ येतो सुमारे पावणेएकोणपन्नास इंच. जोडासाठी एक इंच वाढवून पावणेपन्नास इंच लांब आणि दोन इंच रुंद पट्टी कापावी. पाऊण इंच जागा सोडायचे कारण म्हणजे इंजिन रबरावर बसलेले असते आणि धक्क्याने हलते. रबर जुने झाले असेल तर आधी ते बदलावे. पात्याची साधारण निम्मी रुंदी कड्याच्या आत आणि निम्मी इंजिनाच्या बाजूला बाहेर राहील असे कडे बसवावे.

घरात योग्य मापाचा, बुडाला भोक पडलेला ॲल्युमिनियमचा टोप असेल, तर त्याचा वरचा घेर कापून आयते कडे मिळते. ते वेल्डिंगऐवजी रिव्हेटने जोडावे. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना लागतात तिथे आधी रंग द्यावा, नाहीतर ओलाव्याने तो भाग झिजतो.

संपूर्ण घेर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा अशा दोन तुकड्यांत केला, तर पुढे पट्टा बदलताना वरचा तुकडा काढला की काम होते. मग घेर कायमचा काढून ठेवायची वेळ येत नाही. तो रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीला रबरी वॉशर घालून नट-बोल्टने बसवावा. जाळीतून स्क्रू कधीही घालू नये, नळी फुटते. पेटी आणि जाळी यांच्यामधली फट दाराच्या रबरी पट्टीने बंद करावी.

जीव सांभाळून काम

काम इंजिन बंद करून, थंड झाल्यावर आणि बॅटरीची तार काढूनच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. वेल्डिंग करायचे तर घेर गाडीतून बाहेर काढूनच. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे जोड कथिलाच्या डाकाचे असतात, ते जवळच्या आचेने सुटतात. शिवाय पेट्रोलची नळी जवळच असते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करू नये. त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. चालू पंख्याजवळ सैल बाही, गमछा, पदर किंवा ओढणी नेऊ नये. मुलांना लांब ठेवावे.

घेर बसवल्यावर पंखा हाताने एक पूर्ण फेरी फिरवावा. अर्ध्या इंचाची काठी कड्याभोवती फिरवून सगळीकडे जागा आहे ना ते पाहावे. मग गाडी उभी ठेवून इंजिन सुरू करावे आणि गाडीच्या पुढच्या बाजूने वर्तमानपत्राचा कागद जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यासमोर धरावा. कागद जाळीकडे ओढला गेला तर घेर काम करतो आहे. हीच परीक्षा घेर बसवण्यापूर्वी घेऊन ठेवली तर फरक गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

कसबाचे मोल

आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो शिकलेल्या आपल्या मुला-मुलींनी हे काम क्षुल्लक समजू नये. ज्या भागाचा कारखाना बंद झाला, तो भाग घडवणाऱ्या हाताला किंमत असते. मात्र ती मागता आली पाहिजे. पत्र्याचा भाव वेगळा सांगावा, माप घेण्याची, नमुन्याची आणि घडाईची मजुरी वेगळी सांगावी आणि काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. 'दोन रुपयांचा तर पत्रा' असे म्हणणाऱ्याला पुठ्ठ्याचा नमुना आणि मापांची वही दाखवावी.

काम झाल्यावर तो नमुना फेकून देऊ नये. त्यावर गाडीचे नाव, मापे आणि तारीख लिहून भिंतीला टांगून ठेवावा. तशीच दुसरी गाडी दारात येईल, तेव्हा निम्मे काम आधीच झालेले असेल.