पंपावर आळ घेण्याआधी

जुन्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग जड झालं की पहिला आळ पंपावर येतो. सगळ्यात महागडा भाग तोच, त्यामुळे निदान चुकलं की भुर्दंडही मोठा बसतो. मालवणच्या किनारपट्टीवर तर ही घाई जास्तच नडते. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, खारं वारं बाराही महिने लोखंड खातं आणि चिखलणीच्या दिवसांत पुढचा ॲक्सल चिखलाने माखलेला असतो. यंत्राला इजा होते ती बाहेरून आत. तपासणीही त्याच दिशेने व्हायला हवी: आधी चाक, मग तेल, मग सिलिंडर आणि शेवटी पंप.

इंजिनावर चालणारा पंप टाकीतलं तेल ओढून स्टेअरिंग युनिटला देतो. स्टेअरिंग ज्या बाजूला वळेल त्यानुसार युनिट सिलिंडरमध्ये तेल सोडतं, त्याचा रॉड सरकतो आणि चाकं वळतात. यात कुठेही बिघडलं तरी चालकाच्या हाताला जाणवतो तो जडपणाच. म्हणून आधी टायरमधली हवा बघावी. मग इंजिन बंद करून पुढचा ॲक्सल जॅकने उचलावा, खाली भक्कम ठोकळे लावावेत, सिलिंडरचा सांधा सोडवावा आणि चाक हाताने डावी-उजवीकडे वळवून पाहावं. तरीही ते अडत असेल तर दोष तेलाचा नाही, बहुधा किंगपिन सुकलेला किंवा गंजलेला आहे. निपलच्या तोंडाशी चिखल वाळला की ग्रीस गन कितीही दाबली तरी ग्रीस आत जात नाही.

चाक सहज वळलं तर टाकी उघडावी. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, फेस आला असेल तर पंपाकडे जाणाऱ्या पाइपातून हवा ओढली जातेय. फिल्टर चोंदला तरी पंप ओरडतो, पण त्यात त्याचा काय दोष? सिलिंडरचा रॉड पुसून त्यावरून नख फिरवावं. गंजाच्या खड्ड्यात नख अडकलं तर नुसतं ऑइल सील बदलून भागणार नाही. तो खड्डा नवं सीलही खरवडून काढेल. गळती शोधताना मात्र हात लावू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते.

हंगाम तोंडावर असताना एवढं कोण करत बसणार, पंपच बदलून टाका, असं कोणी म्हणेल. पण पाणी मिसळलेल्या तेलात नवा पंपही लवकरच झिजेल. तेल कमी झालं तर हाताशी असेल ते ओतावं, हा दुसरा सल्ला. त्यात ब्रेक ऑइल गेलं तर सगळी सीलं फुगून बाद होतात. राहता राहिली खरी शंका: पंप कधी झिजतच नाही का? झिजतो. तेव्हा इंजिन मंद असताना दोन्ही बाजूंना स्टेअरिंग जड लागतं आणि रेस वाढवली की हलकं होतं. अशा वेळी गेज लावून दाब पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. तो कमी भरला तरी आधी रिलीफ व्हॉल्व्ह साफ करावा. त्यात कचरा अडकला की चांगल्या पंपाचाही दाब पडतो. एवढं करूनही गेजचा काटा वर चढला नाही, तर मात्र पंप खुशाल उतरवावा.