विश्लेषण : मोरेश्वर, मयूरेश की मल्हार? मुलासाठी परंपरेतले नाव निवडताना काय पाहावे?

मुलगा झाल्याचा फोन घरी येतो आणि नावांची चर्चा सुरू होते. आजीला कुलदैवताचे नाव हवे असते. आत्याने दोन-तीन नावे आधीच ठरवून ठेवलेली असतात. आईला शाळेत हाक मारायला सोपे नाव हवे असते, आणि गुरुजींनी पत्रिका पाहून भलतेच अक्षर सांगितलेले असते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांत अपेक्षा मात्र एकच असते : नाव परंपरेतले असावे, पण जुनाट वाटू नये. पूर्वी हा प्रश्न बारशाच्या पाळण्याशी मिटत असे. आता जन्म दाखल्यावर लिहिलेले नाव मुलाला आयुष्यभर पुरते. त्यामुळे निवड आणि नोंद, दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

परंपरेतले नाव म्हणजे नेमके कोणते?

या भागात त्याचे उत्तर बरेचसे देवस्थानांत सापडते. अष्टविनायकांपैकी पहिला गणपती, मोरगावचा मयूरेश्वर, बारामती तालुक्यातच आहे. मोरेश्वर, मोरोबा, मयूरेश, मयूर ही सगळी नावे त्याच्याच परिवारातली. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. नरसिंह ज्यांचे कुलदैवत आहे, त्या घरांत नरहरी आणि प्रल्हाद ही नावे पिढ्यान् पिढ्या दिसतात. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील जेजुरीमुळे खंडेराव, मार्तंड आणि मल्हार आले. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. तुकाराम, ज्ञानेश्वर, पांडुरंग, विठ्ठल या नावांची इथे वाण नाही, ती त्यामुळेच.

इतिहासही मदतीला येतो. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला होता, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. पुढे शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून नातवाचे नाव शिवाजी ठेवल्याचे सांगितले जाते. म्हणजे आज जी नावे आपल्याला पारंपरिक वाटतात, तीही त्या काळी कुणाच्या तरी नवसातून, श्रद्धेतून नव्याने ठेवलेली होती.

जुने नाव पुन्हा लोकप्रिय कसे होते?

बहुतेक वेळा नाव तेच राहते, रूप बदलते. बारामतीत कऱ्हेकाठी राहिलेले कवी मोरोपंत (१७२९-१७९४) हे त्याचे उत्तम उदाहरण. ‘मोरो’ हे मोरेश्वरचे बोलीतले रूप. कवितेत मात्र त्यांनी स्वतःला ‘मयूर’ म्हटले. त्यांच्या गाजलेल्या काव्याचे नाव ‘केकावली’, आणि केका म्हणजे मोराचा आवाज. मोरोचा मयूर अडीचशे वर्षांपूर्वीच झाला होता. आज त्याचा मयूरेश होतो, इतकेच.

हीच गोष्ट इतर नावांचीही. ज्ञानेश्वरचा ज्ञानेश, सोमेश्वरचा सोमेश, शिवाजीचा शिवराज किंवा शिवांश, संभाजीचा शंभूराज. ‘राव’, ‘बा’, ‘जी’ गळतात आणि ‘ईश’, ‘राज’, ‘अंश’ लागतात. कधी एखादी मालिका जुने नाव पुन्हा घराघरांत नेते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ने खंडोबाचे हे नाव रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या कानावर घातले. मल्हारला काही जोडावे किंवा तोडावे लागले नाही.

मात्र सावधगिरीही हवी. कोणत्याही अक्षरांना ‘अंश’ जोडला की नवे नाव तयार होते आणि मोबाइलवर त्याला एखादा भारदस्त अर्थही सापडतो. तो अर्थ शब्दकोशात आहे का, हे पाहिलेले बरे. हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी. ‘ऋषिकेश’ असे लिहिले की तो अर्थ हरवतो. तरी दाखल्यांवर दुसरेच रूप सर्रास दिसते.

राशीचे अक्षर किती बंधनकारक?

पंचांगात २७ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरे ठरलेली आहेत. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल, त्याचे अक्षर बाळाला मिळते. रोहिणीला ओ, वा, वी, वू अशी सोपी अक्षरे आहेत. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला मात्र ‘ङ’ आहे, आणि त्यावरून नाव ठेवायचे कसे, हा प्रश्न गुरुजींनाही पडतो. म्हणूनच जन्मनाव पत्रिकेपुरते आणि हाक मारायचे नाव वेगळे, अशी सोय जुन्या लोकांनीच करून ठेवली आहे. अक्षर जमले तर उत्तम. ते जमत नाही म्हणून आवडते नाव सोडायलाच हवे, असे नाही.

लोकप्रिय नावाची अडचण काय?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बाळांच्या नावांची सरकारी आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. आपल्याकडे अशी यादी निघत नाही. त्यामुळे कोणते नाव किती जणांनी ठेवले, याचा अंदाज अंगणवाडीच्या हजेरीपटावरूनच येतो. गावात एकाच आडनावाची भावकी मोठी असते. त्यात चुलत घरांतही तेच नाव निघाले, तर पुढे सातबारा, बँक खाते, साखर कारखान्याची सभासद यादी अशा प्रत्येक ठिकाणी दोन माणसांची गल्लत होऊ शकते. यादीत दोघांना वेगळे करते ते वडिलांचे नाव. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी भावकीत एकदा विचारून घेणे शहाणपणाचे.

आजोबांचे नाव ठेवले तर?

ही प्रथा जुनी आहे. पण सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही, असा दंडकही तितकाच जुना. मग त्या नातवाला घरात बापू, आबा, दादा अशी हाक पडते आणि तीच कायम होते. बारामतीच्या शेतीक्षेत्रात मोठे काम करणाऱ्या अप्पासाहेब पवार यांचे मूळ नाव दिनकरराव होते, हे अनेकांना सांगावे लागते. आजोबांची आठवण ठेवायची आणि हाकही मारायची असेल, तर त्यांच्या नावाचा अर्थ किंवा देव कायम ठेवून रूप बदलता येते. पांडुरंगांच्या नातवाचे नाव विठ्ठल ठेवले, तरी देव तोच राहतो.

नोंदणीत काय बदलले आहे?

पूर्वी नाव खऱ्या अर्थाने पक्के व्हायचे ते शाळेच्या रजिस्टरमध्ये. गुरुजी नाव लिहीत आणि अनेकांची जन्मतारीखही १ जून टाकत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्म दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो.

जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते, पण नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. नावाविना नोंद होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. एकदा घातलेल्या नावात लेखनाची चूक असेल, तर दुरुस्ती होते. मत बदलले म्हणून नाव बदलणे मात्र सोपे नाही.

नोंद राहत्या गावात होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. इंदापूर तालुक्यातील बाळ बारामतीच्या रुग्णालयात जन्मले, तर कागद बारामतीतच शोधावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल, तर तिकडे जावे लागते.

राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा आहे.

मग निवडताना काय करावे?

चारही शब्द सलग मोठ्याने म्हणून पाहावेत. आजीला आणि शिक्षकांना नाव एकदा ऐकून लिहिता आले पाहिजे. देवनागरी आणि इंग्रजी स्पेलिंग घरात कागदावर लिहून दोघांनी तपासावे. ज्ञानेश किंवा श्रीराज ही नावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, त्यातली एकच तऱ्हा ठरवून सगळीकडे तीच वापरावी. आणि एकमत होत नसेल, तर बारसे ठरल्या दिवशी करावे, पाळण्यात आत्याने सुचवलेले नाव ठेवावे, पण दाखल्यासाठी घाई करू नये. मोरगावच्या देवाचे नाव घराघरांत चार रूपांनी नांदते. दाखल्यावर त्यातले एकच लिहायचे असते, आणि ते ठरवायला कायद्यानेच वर्षभराची मुदत दिली आहे.