गवंड्याने मोजली जळती घरे



स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, सदरलँड भागात, ऑल्टनाहारा नावाची इवलीशी वस्ती आहे. मोजकी घरे आणि समोर सुमारे दहा किलोमीटर लांबीचे लॉख नेव्हर. तिकडे तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. दक्षिणेला बेन क्लिब्रेक हा 962 मीटर उंच डोंगर. थंडी अशी की 30 डिसेंबर 1995 रोजी येथे उणे 27.2 अंश तापमान नोंदले गेले.

पण हा लेख थंडीसाठी नाही. तळ्याच्या उत्तर काठाला ग्रमोर या जुन्या गावाच्या घरांची दगडी जोती आजही दिसतात. घर एकही उभे नाही. मग ही माणसे गेली कुठे?

जमीन सदरलँडच्या सरदार घराण्याची. कसणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या राबणारी, पण हक्काचा कागद हाती नाही. मेंढ्यांच्या कुरणाला जास्त खंड मिळतो, असा हिशेब निघाला आणि नेव्हर नदीचे खोरे रिकामे करणे सुरू झाले. 1814 साली पॅट्रिक सेलरने कुळे हुसकली. घराण्याचा कारभारी तोच आणि मोकळी झालेली जमीन मेंढ्यांसाठी खंडाने घेणाराही तोच! लोक परतू नयेत म्हणून छपरे जाळली गेली. 1816 साली इन्व्हरनेसला त्याच्यावर खटला चालला. तो निर्दोष सुटला. 1819 साली ग्रमोरही उठवले. बरीच कुटुंबे उत्तरेच्या समुद्रकाठी, खडकाळ तुकड्यांवर जाऊन पडली.

या खोऱ्यातला एक साधा गवंडी, डोनाल्ड मॅक्लाऊड. 1819 च्या त्या रात्री आपण उंचावर चढून अडीचशे जळती घरे मोजली, असे त्याने पुढे लिहिले. 1840-41 मध्ये त्याने एडिंबरोच्या वर्तमानपत्रात पत्रांमागून पत्रे धाडली. गेलेली घरे परत आली नाहीत, पण साक्ष राहिली.

पुढे कुळांनी चळवळ केली. 1886 च्या कायद्याने छोट्या कुळांना बेदखलीपासून संरक्षण आणि वाजवी खंड मिळाला. ग्रमोरच्या लोकांना मात्र तो फार उशिरा आला.

ध्यानात घ्या, सरदारांचे हिशेब लिहायला कारकून होते. गरिबांचा हिशेब एका गवंड्याने लिहिला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही गाव का सुटले, कसे सुटले ते विचारा. आणि मुलांच्या वहीत, तारखेसह, लिहून ठेवा.