जुळलेला ताळेबंद खरा असतोच असे नाही

भारतात १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून चालत आले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने बहुतेक सगळ्या कंपन्यांना याच चौकटीत आणले. त्यामुळे मोटारींचा कारखाना असो, औषधांचा घाऊक व्यापार असो की गावातली पतसंस्था, सगळ्यांच्या वह्या एकाच रात्री बंद होतात. पुढचे वेळापत्रकही ठरलेले असते. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने साठ दिवसांत लेखापरीक्षित निकाल जाहीर करायचे, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची. या धावपळीला आपण ‘मार्च एण्ड’ म्हणतो आणि ती आकडेमोडीची लढाई आहे, चार रात्री जागून बेरजा जुळवल्या की काम फत्ते, असे समजतो. मला ही समजूतच सगळ्या घोटाळ्याचे मूळ वाटते. बेरजा जुळवणे आज अवघड राहिलेले नाही. वर्षअखेरीच्या बहुतेक गंभीर चुका अशा असतात की त्या होऊनही ताळेबंद पैशापर्यंत जुळतो. त्या उघड होतात मार्चमध्ये, पण घडलेल्या असतात वर्षभरात. आणि मार्चच्या घाईत त्या निस्तरण्यापेक्षा झाकण्याचाच मोह अधिक होतो.

हे कसे घडते ते समजायला दुहेरी नोंद पद्धतीचे एक साधे तत्त्व पुरेसे आहे. प्रत्येक व्यवहाराची एक बाजू नावे पडते, दुसरी जमा होते. वर्षअखेरीस सगळ्या खात्यांची तेरीज मांडली की दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला नव्वद लिहिले गेले तर तेरीज ती चूक पकडते. पण एखादे बिल टेबलाच्या खणातच राहिले तर दोन्ही बाजूंना नोंदच नसते, म्हणून तेरीज जुळते. दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या खात्यात टाकला तरीही जुळते, कारण नावे बाजूचे एक खाते सोडून दुसरे धरले एवढाच फरक पडतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने २००२ मध्ये जे कबूल केले ते याच जातीचे होते. इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल दिलेले पैसे हा त्या-त्या वर्षाचा खर्च होता. तो मालमत्ता म्हणून दाखवला गेला. पहिल्याच जाहीर कबुलीत हा आकडा सुमारे ३८० कोटी डॉलरचा होता. इतकी मोठी रक्कम चुकीच्या जागी बसली होती, तरी हिशेबाच्या दोन्ही बाजू समानच होत्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन वर्षांच्या सीमेवर, ज्याला लेखा विभागात ‘कट-ऑफ’ म्हणतात. ३१ मार्चच्या तारखेचे बिल फाडले, पण माल अजून गोदामातच आहे. मग ही विक्री कोणत्या वर्षाची? लेखा मानकांप्रमाणे ते बिलाच्या तारखेवरून ठरत नाही. मालावरचा ताबा आणि त्यातली जोखीम ग्राहकाकडे केव्हा गेली, यावरून ठरते. म्हणजे ई-वे बिल, ट्रकची पावती आणि ग्राहकाकडची पोच पाहावी लागते. विक्री विभागाला वर्षाचे लक्ष्य गाठायचे असते, त्यावर बोनस अवलंबून असतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात बिले फुगतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात माल परत आल्याच्या क्रेडिट नोटा निघतात. खर्चाच्या बाजूला उलटे होते. मार्चची वीज वापरून झालेली असते, पण बिल एप्रिलमध्ये येते. वाहतूकदाराचे, दलालाचे, वकिलाचे बिल त्याहून उशिरा. त्यांची तरतूद केली नाही तर नफा आपोआप वाढतो. सप्टेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या टेस्को या किराणा साखळीने जाहीर केले की त्यांचा सहामाही नफ्याचा अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी जास्त सांगितला गेला होता. पुरवठादारांकडून मिळणारे उत्पन्न वेळेआधी धरले आणि खर्च उशिरा धरला, हे त्याचे कारण होते. सीमेवरचा हा घोळ एवढ्या मोठ्या कंपनीलाही चुकला नाही.

शिल्लक मालाचा घोळ याहून अवघड, कारण तो कागदावर दिसत नाही. समजा, ३० मार्चला दहा लाखांचा कच्चा माल आला. गोदामवाल्याने तो मोजून साठ्यात धरला, पण खरेदीचे बिल एप्रिलमध्ये नोंदले गेले. माल साठ्यात आला आणि खरेदी खर्चात आली नाही, म्हणून या वर्षाचा नफा बरोबर दहा लाखांनी वाढला. त्या नफ्यावर कर भरला, लाभांश ठरला, बँकेला आकडे दिले. पुढच्या वर्षी तेच दहा लाख नफ्यातून वजा झाले. व्यवस्थापनाला वाटते की यंदा धंदा घसरला, आणि उपाय शोधले जातात नसलेल्या आजारावर. दुसरा प्रश्न किमतीचा. माल खर्चाच्या किमतीला धरायचा की विकून मिळेल त्या निव्वळ किमतीला, तर दोन्हींतली जी कमी असेल तिला, असा नियम आहे. तीन वर्षे न हललेले सुटे भाग किंवा मुदत संपत आलेली औषधे पूर्ण किमतीला धरली जातात, कारण तो तोटा मान्य करण्याचा निर्णय कोणालाच आपल्या नावावर नको असतो. लेखा विभागाकडे फक्त यादी येते. त्या यादीतला कोणता माल विकला जाईल हे गोदामाला आणि विक्री विभागाला ठाऊक असते, आणि त्यांना हे कोणी विचारत नाही.

ज्या रकमांचा उलगडा होत नाही त्यांच्यासाठी सस्पेन्स खाते असते. हे खाते तात्पुरते असावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षे चालते. मार्चमध्ये ते रिकामे करण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे न कळलेले येणे न कळलेल्या देण्याशी वजावट करून टाकणे. इंडसइंड बँकेने मे २०२५ मध्ये शेअर बाजाराला कळवलेली बाब या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ‘इतर मालमत्ता’ या खात्यांत ५९५ कोटी रुपयांच्या अशा रकमा होत्या की ज्यांना पुरेसा आधार नव्हता, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या ‘इतर देणी’ या खात्यांतल्या रकमांशी वजा करण्यात आल्या होत्या, असे बँकेच्याच अंतर्गत तपासणीत आढळले. दोन्ही बाजूंनी सारखीच रक्कम कमी झाली की ताळेबंद जुळलेलाच राहतो. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण तर जुळलेल्या आकड्यांवर विसंबण्याची किंमत दाखवणारे आहे. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केले की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तो ठरवून केलेला गुन्हा होता, प्रामाणिक लेखा विभागाची चूक नव्हे. पण दोन्हींचा धडा एकच आहे: शिल्लक खरी आहे का, हे आपल्या वहीला न विचारता थेट समोरच्या बँकेला, ग्राहकाला आणि पुरवठादाराला विचारावे लागते.

अलीकडच्या कायद्यांनी तर मार्चमधली सारवासारव जवळजवळ अशक्य केली आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेली तरतूद पाहा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटूनही ३१ मार्चला ते बिल थकलेलेच असेल तर तो खर्च त्या वर्षी करासाठी धरला जात नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरला जातो. चाकण, सातपूर किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या पुरवठादाराच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. पण ती पाळायची तर पुरवठादाराची उद्यम नोंदणी, माल स्वीकारल्याची तारीख आणि कराराची अट ही माहिती पहिल्या बिलापासून जमवलेली हवी. शेकडो पुरवठादारांची ही माहिती २८ मार्चला गोळा होत नाही. जीएसटीचेही तसेच. पुरवठादाराने आपले बिल संकेतस्थळावर दाखवले नसेल तर खरेदीदाराला त्या कराचे क्रेडिट मिळत नाही, आणि मागच्या वर्षाचे राहिलेले क्रेडिट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते; वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तेव्हाच. मे महिन्यातल्या बिलाचा तगादा जूनमध्ये लावला तर पुरवठादार ऐकतो. दहा महिन्यांनी त्याला ते बिलही आठवत नसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आता सगळे सॉफ्टवेअरवर चालते, मग माणसाने तपासायचे काय उरले? सॉफ्टवेअरने मोठा फरक पडला आहे, यात शंका नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. मागच्या तारखेची नोंद कोणी, केव्हा केली हे आता लपत नाही आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. पण ट्रक फाटकाबाहेर पडला का, हे सॉफ्टवेअरला माहीत नसते. त्याला जे भरवले तेच ते अचूक जुळवून देते. म्हणून चुकीची माहिती आता पूर्वीपेक्षा अधिक नीटनेटकी दिसते, आणि नीटनेटके दिसणाऱ्या आकड्यांवर कोणी सहज शंका घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या कंपन्यांना दरमहा हिशेब बंद करणे जमते. दोन माणसांच्या लेखा विभागाला, किंवा आठवड्यातून दोनदा येणाऱ्या अर्धवेळ लेखापालाला ते कसे परवडावे? हे मान्य करून विचार केला तरी उत्तर मासिक तपासणीच्याच बाजूने येते, कारण काम तेवढेच असते, फक्त ते बारा महिन्यांत वाटले जाते. छोट्या व्यवसायाने दरमहा संपूर्ण ताळेबंद काढू नये. बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालावा, जीएसटीच्या संकेतस्थळावरची खरेदी आपल्या वहीशी पडताळावी, सस्पेन्स खात्यातल्या प्रत्येक रकमेसमोर ती सोडवणाऱ्याचे नाव लिहावे. महाग माल आलटूनपालटून मोजावा, म्हणजे मार्चमध्ये सगळे गोदाम थांबवावे लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा मोठ्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना बाकी कळवून लेखी उत्तर मागवावे. महिन्याभरापूर्वीची चूक शोधायला काही मिनिटे लागतात. अकरा महिन्यांपूर्वीची चूक शोधण्यात दिवस जातात, आणि तोवर ज्याला ती माहीत होती तो माणूस नोकरी सोडून गेलेला असू शकतो.

तिसरा आक्षेप: काही गोष्टी वर्षअखेरीशिवाय ठरतच नाहीत. हे अगदी खरे आहे. कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची जबाबदारी, बुडीत येण्यांचा अंदाज, यंत्राचे उरलेले आयुष्य, न्यायालयात अडकलेल्या दाव्याची शक्यता, हे निर्णय मार्चअखेरच्या परिस्थितीवर घ्यावे लागतात. काही तर नंतरच्या घटनांवर अवलंबून असतात. आधीपासूनच डबघाईला आलेला ग्राहक एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेला तर ३१ मार्चचे ते येणे संशयास्पदच होते असे मानून तरतूद वाढवावी लागते. पण एप्रिलमध्ये गोदामाला आग लागली तर मार्चचे आकडे बदलत नाहीत, फक्त ती हकिगत अहवालात सांगावी लागते. हा फरक ओळखायला शांत डोके आणि अनुभव लागतो. नेमक्या याच कारणासाठी मार्च-एप्रिल मोकळे ठेवायला हवेत. संस्थेतला सर्वात अनुभवी लेखापाल त्या दिवसांत हरवलेल्या पावत्या शोधत बसला तर खऱ्या निर्णयांना उरलेली दहा मिनिटे मिळतात, आणि मग गेल्या वर्षीचाच आकडा उचलून टाकला जातो.

शेवटी लेखापरीक्षकाचा हवाला दिला जातो: चुका असतील तर ते काढतीलच. लेखापरीक्षक वाजवी खात्री देतो, हमी देत नाही. तो निवडक व्यवहार तपासतो. हिशेब खरा आणि रास्त असण्याची जबाबदारी कायद्याने संचालकांवर टाकली आहे, आणि ती त्यांच्या अहवालात त्यांना लिहून द्यावी लागते. त्यामुळे वर्षअखेर हे फक्त लेखा विभागाचे काम आहे, ही भूमिका टिकत नाही. गोदाम, खरेदी, विक्री आणि मनुष्यबळ या प्रत्येक विभागाकडून ठरलेल्या तारखेला, सहीनिशी माहिती यावी, आणि ती न आल्यास जाब त्या विभागाला विचारला जावा. हे लेखापाल करू शकत नाही. मालकाने किंवा मुख्य अधिकाऱ्यानेच करायला हवे.

हा विषय कंपन्यांपुरता नाही. आपल्यापैकी बहुतेक जण एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे, पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे सभासद असतो. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि अहवाल आधी हातात येतो. या वर्षी सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा: बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ शेवटचा केव्हा घातला, सस्पेन्स खात्यात किती रक्कम आहे व किती जुनी आहे, आणि थकलेल्या येण्यांपैकी किती रकमेला समोरच्याची लेखी कबुली आहे. उत्तर मिळेपर्यंत ताळेबंद मंजूर करू नका.