एक पान, लाखो वाचक

२५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मायकेल जॅक्सनचे निधन झाले. बातमी फुटताच जगभरातून विकिपीडियावरचे त्याचे पान उघडले जाऊ लागले आणि एरवी प्रचंड गर्दी लीलया पेलणारे हे संकेतस्थळ कोलमडले.

वाचक तर वाढले होतेच, पण घात झाला तो संपादनांमुळे. विकिपीडियाचा लेख साठवलेला असतो तो खुणांनी भरलेल्या मजकुराच्या रूपात. त्याचे वाचनीय पान बनवायला, लेख मोठा आणि संदर्भांनी भरलेला असेल तर, सर्व्हरला काही सेकंद लागतात. म्हणून पान एकदा तयार झाले की त्याची प्रत कॅशमध्ये ठेवतात आणि पुढच्या वाचकांना तीच देतात. त्या दिवशी मात्र लोक लेखात सतत भर घालत होते. प्रत्येक संपादनासरशी जुनी प्रत बाद होई आणि नवी तयार नसल्याने येणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी तेच पान पुन्हा, एकाच वेळी, बनू लागे. शेकडो प्रक्रिया एकच काम करत बसल्या आणि बाकीचा विकिपीडिया ताटकळला. या प्रकाराला तंत्रज्ञ ‘कॅश स्टँपीड’, म्हणजे कॅशवरची चेंगराचेंगरी, म्हणतात.

त्यानंतर ‘पूलकाउंटर’ नावाची व्यवस्था आली. एका पानाचे काम एकाच प्रक्रियेने करायचे, बाकीच्यांनी थांबायचे. फार वेळ लागला तर वाचकाला थोडी जुनी प्रत दाखवायची. काही सेकंद शिळे पान हे बंद पडलेल्या संकेतस्थळापेक्षा केव्हाही बरे.

कॅशिंगची ताकद कळण्यासाठी आकडे पाहावे लागतात. संगणकाच्या मेमरीतून माहितीचा तुकडा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून तोच शोधायला काही मिलिसेकंद, म्हणजे दहा हजारांहून अधिक पट वेळ. २००३ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ ही ब्लॉगसेवा चालवणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने हे हेरले. अनेक सर्व्हरांमधली रिकामी पडून असलेली मेमरी एकत्र जोडून त्याने ‘मेमकॅश्ड’ तयार केले. डेटाबेसला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याऐवजी उत्तर मेमरीत ठेवायचे आणि जागा संपली की बराच काळ कुणी न मागितलेले काढून टाकायचे, ही त्याची रीत. फेसबुकने हेच साधन वाढवत नेले. २०१३ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार ती यंत्रणा सेकंदाला अब्जावधी विनंत्या हाताळत होती.

डिस्कच्या संथपणाखेरीज वेगाचा दुसरा शत्रू म्हणजे अंतर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. सर्व्हर कितीही वेगवान असो, तिथे जाऊन परत यायला किमान १२५ मिलिसेकंद जाणारच, आणि एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात. उपाय एकच: प्रत वाचकाजवळ ठेवणे. एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांच्या संशोधनातून १९९८ मध्ये उभी राहिलेली ‘अकामाई’ ही कंपनी याच कल्पनेवर वाढली. सर्वांत जवळची प्रत अर्थात वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये असते.

पण प्रत कुणाची, हे विसरले तर काय होते, ते २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानात दिसले. दुकानाच्या सर्व्हरांवर झालेल्या हल्ल्यामुळे वाढलेला भार सोसण्यासाठी कॅशिंगचे नवे नियम लावले गेले. त्यात चूक राहिली आणि एकाचे पान दुसऱ्याला दिसू लागले. कुणाचा ईमेल पत्ता, कुणाच्या खरेदीची यादी. हा गोंधळ सुमारे दीड तास चालला. चालक कंपनी ‘व्हॉल्व्ह’ने दिलेल्या माहितीनुसार सुमारे ३४ हजार ग्राहकांची पाने अशी इतरांपुढे गेली असण्याची शक्यता होती.

म्हणून वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने कॅश लावण्याआधी तीन उत्तरे कागदावर उतरवावीत: ही प्रत सर्वांची की एकट्याची, ती किती वेळ खरी मानायची, आणि ती अचानक नाहीशी झाली तर डेटाबेस तो भार सोसेल का? तिन्ही उत्तरे मिळाली, तरच कॅश लावावी.