कोकणची बुजलेली बंदरे

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालात, तर सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट लागतो. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळी वाटसरूंकडून घेतलेली जकात त्यात टाकीत असत, असे सांगतात. हा माल घाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाई. आता नकाशात सोपारा शोधा. मुंबईच्या उत्तरेस नालासोपारा हे गजबजलेले रेल्वे स्टेशन सापडेल, बंदर मात्र सापडणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना येथे मिळाला. मग एवढे नामांकित बंदर गेले कुठे?

'राज्य बुडाले, शत्रूने गाव जाळले' हे उत्तर आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दाभोळचेच पाहा. १५०८ साली पोर्तुगीजांनी हे बंदर जाळून बेचिराख केले. तरी दाभोळ पुन्हा उभे राहिले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तेथून व्यापार चालला. जळालेले गाव माणसे पुन्हा वसवतात. पाण्याची खोली गेली तर काय करणार? येथे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला थोडी लुडबुड करण्याची संधी मिळते.

कोकणची जुनी बंदरे उघड्या समुद्रावर नव्हती. जूनमध्ये नैऋत्येचे वारे सुरू झाले की खुल्या किनाऱ्यावर शिडाचे गलबत टिकाव धरीत नाही. म्हणून बंदर खाडीच्या आत. कुंडलिकेच्या मुखाशी चौल, वाशिष्ठीवर दाभोळ, अर्जुना नदीवर राजापूर. खाडीतून होडी जितकी आत जाईल तितका बैलांचा प्रवास कमी. दाभोळच्या मालाला वर कुंभार्ली घाट होता, राजापूरच्या मालाला अणुस्कुरा. राजापूर तर समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत आहे. तेथवर गलबत जाई ते बहुतांशी भरतीच्या जोरावर.

भरतीची वेळ कोकणातले लोक घड्याळाशिवाय सांगत. नियम सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ५० मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडे अधिक. नावाड्याला एवढा हिशेब पुरेसा होता! पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढे, आणि जड गलबते तोच मुहूर्त धरीत.

पण या खाडीतच बंदराचा शत्रूही होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड पडतो, आणि कोकणातल्या नद्या आखूड व उताराच्या. त्या डोंगरावरची माती ओढून आणतात. खाडीत पाण्याचा वेग मंदावला की जड कण प्रथम खाली बसतात. बारीक चिकणमातीचे काय? कणाची त्रिज्या दहापट कमी झाली, तर त्याचा बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. या हिशेबाने ही माती तरंगत समुद्रात निघून जायला हवी. तसे पुष्कळदा होत नाही. का, ते तुम्हीच पाहा.

बादलीभर पाण्यात मूठभर बारीक माती ढवळा. पाचेक मिनिटांनी वरचे गढूळ पाणी दोन सारख्या ग्लासांत ओता. एकात चमचाभर मीठ विरघळवा, दुसरा तसाच ठेवा. काही तासांनी मिठाचा ग्लास वरून निवळू लागलेला दिसेल, दुसरा अजून गढूळच असेल. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातील धन आयनांमुळे हे प्रतिसारण दुबळे पडते, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि लवकर तळाशी जातात. नदीचे गोडे पाणी जेथे खाऱ्या भरतीला भेटते, तेथे हाच प्रयोग दर पावसाळ्यात चालतो. तळाशी जमतो तो बंदरातला गाळ. सोपाऱ्याभोवतीचे पाणी असेच शतकानुशतके भरत गेले.

सगळा दोष गाळावर टाकणेही बरोबर नाही. चौलचा व्यापार ओसरण्यात मुंबईच्या भरभराटीचा मोठा हात आहे. गलबते लहान होती तोवर उथळ खाडी चालून जाई. पुढे जहाजे मोठी झाली, त्यांचा अधिक भाग पाण्याखाली राहू लागला, आणि मुंबईसारखे खोल, आडोशाचे बंदर लागू लागले. १८५३ साली मुंबईहून आगगाडी निघाली, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. आगबोटी कोकणच्या किनाऱ्याने पुढेही अनेक वर्षे फिरल्या, पण बऱ्याच ठिकाणी त्या दूर खोल पाण्यात थांबत आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत.

राजापूरला इंग्रजांची वखार होती, आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी तिच्यावर छापा घातला, हे तुम्ही वाचले असेल. ज्या पाण्यावर ही पेठ उभी राहिली, ते आता तिला वेगळ्या रीतीने भेटते. पात्र गाळाने उथळ झाले आहे. जोराचा पाऊस झाला की नदीचे पाणी वारंवार बाजारपेठेत शिरते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर ते लवकर उतरत नाही. दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवून ठेवतात. त्या दिवशीची तिथी पंचांगात पाहून पाऊणपट केलीत, तर पाणी कधी ओसरू लागेल याचा काहीसा अंदाज तुम्हालाही बांधता येईल.