विजेची मोटरसायकल आणि घराचा योगक्षेम

घरांत नवें वाहन यावयाचें म्हटलें म्हणजे तो प्रश्न एकट्या घेणाराचा राहत नाहीं. वडील मंडळींस खर्चाची चिंता, माउलीस चालविणाराच्या जिवाची काळजी आणि तरुणांस नव्याची हौस. या तिहींचा मेळ बसल्यावांचून आमच्या एकत्र कुटुंबांत दाराशीं चाक उभें राहत नाहीं, आणि तें योग्यहि आहे. गेल्या कांहीं वर्षांत या चर्चेंत एक नवा मुद्दा शिरला आहे. रोज कामावर जाण्यायेण्यास मोटरसायकल घ्यावयाची ती पेट्रोलची कीं विजेची? विक्रेता एक बाजू सांगतो, चौकांतील टीकाकार दुसरी सांगतो. खानदेशांतील, विशेषतः जळगांव-धुळ्याकडील कुटुंबांच्या सोयीकरितां या दोन्ही बाजू शांतपणें तोलून पाहाव्या, एवढाच आमचा हेतु आहे.

योगक्षेम हा शब्द आपण नित्य वापरतों. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें नीट राखणें हें क्षेम. पेट्रोलच्या गाडीचा एकदां योग झाला म्हणजे तिच्या क्षेमाचा बराच भार पंपवाला आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक उचलतात. विजेच्या गाडीचा तो भार घरानेंच उचलावयाचा असतो. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथेंच आहे. ज्या घरास तें क्षेम साधेल त्यानें योगाचा विचार करावा, इतरांनीं थांबावें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. विजेच्या दुचाकी आपल्याकडे सुमारें वीस वर्षांपूर्वींच येऊन गेल्या. त्यांत शिशाच्या जड बॅटऱ्या असत. त्या लवकर निकामी होत आणि घेणाराचा विरस होई. पुढें लिथियम-आयन बॅटरी स्वस्त झाली तेव्हां चित्र पालटलें. ही बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ सालीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच सालच्या ऑगस्टांत रिव्होल्ट कंपनीची आर. व्ही. ४०० ही विजेची मोटरसायकल विक्रीस आली. पुण्याच्या टॉर्क कंपनीनें २०२२ च्या जानेवारींत ‘क्रॅटॉस’ आणली. आमच्या पिढीच्या ओळखीचीं दोन नांवेंहि विजेवर पुन्हां अवतरलीं : ‘चेतक’ स्कूटर २०२० च्या जानेवारींत आणि ‘लूना’ २०२४ च्या फेब्रुवारींत. तथापि विजेच्या दुचाकींत स्कूटरींचाच भरणा फार आहे, मोटरसायकली थोड्या. आमच्याकडील खडबडीत रस्त्यांस मोटरसायकलीचें मोठें चाक अधिक मानवतें, म्हणून खेड्यापाड्यांस जाणाऱ्या शिक्षकाचा, ग्रामसेवकाचा वा कारखान्यांतील नोकराचा ओढा तिच्याकडे असतो. लुगडें नेसणाऱ्या स्त्रियांस मात्र ती गैरसोयीची, हेंहि येथेंच सांगून ठेवूं.

आतां गुणांचा विचार करूं. पहिला गुण चालविण्याच्या खर्चाचा. समजा, सव्वातीन युनिटांची बॅटरी आहे. भरतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते, म्हणून मीटरावर पावणेचार युनिटें पडतात असें धरूं. तेवढ्यांत गाडी प्रत्यक्षांत ८० किलोमीटर चालते असें मानिलें, तर महिन्यास १,००० किलोमीटर जाणाऱ्यास सुमारें ४७ युनिटें लागतील. कर धरून युनिटास १३ रुपये दर असेल तर खर्च ६११ रुपये. तेवढ्याच अंतरास लिटराला ६० किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या मोटरसायकलीस पावणेसतरा लिटर लागतील. लिटरास १०५ रुपये धरले तर सुमारें १,७५० रुपये झाले. म्हणजे महिन्यास अकराशेंच्या वर बचत.

परंतु येथें एकत्र कुटुंबानें सावध राहावें. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच अधिक आणि ३०० च्या पुढें त्याहून अधिक. लहान कुटुंबाचीं वाढीव युनिटें मधल्या टप्प्यांत पडतील. पण ज्या घरांत एकाच मीटरावर तीन बिऱ्हाडें, दोन कूलर आणि एक फ्रीज चालतो, तेथें गाडीचें प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यांत जाऊन बसतें. युनिटास १८ रुपये पडूं लागले कीं खर्च ८४६ रुपयांवर जातो आणि बचत नऊशेंवर येते. वैशाखांत, जेव्हां खानदेशांत कूलर रात्रंदिवस फिरतात, तेव्हां ही गोष्ट प्रकर्षानें जाणवते. म्हणून विक्रेत्यानें सांगितलेला दर न धरतां आपलें मे महिन्याचें बिल समोर ठेवून हिशोब करावा. विद्युत् वाहनांच्या चार्जिंगकरितां महावितरणची स्वतंत्र दरश्रेणीहि आहे. ती आपणांस परवडते कीं नाहीं याची चौकशी करावी. गच्चीवर सौर पट्ट्या असल्यास गणित पुष्कळच बदलतें. २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेंत त्यांकरितां ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें गेलें.

बचतीपुढें किंमत ठेवून पाहूं. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीहून ५०,००० रुपयांनीं महाग पडली असें समजा. महिन्यास १,००० किलोमीटर जाणाराचे ते अधिक पैसे चार-साडेचार वर्षांत फिटतात. परंतु जो महिन्यास अवघा २५० किलोमीटर जातो, त्याची बचत अडीचशें रुपयांच्या आसपास. त्यास तेच पैसे फिटावयास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोंवर बॅटरी कोठली टिकावयास! सरकारी सवलतींवर डोळा ठेवून तर बेत मुळींच करूं नये. २०१९ च्या एप्रिलांत सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांतील साहाय्य २०२३ च्या जूनपासून घटलें आणि २०२४ च्या मार्चअखेर तो टप्पाच संपला. त्यानंतर आलेल्या योजनांतील रक्कम त्याहून लहान होती. शिवाय पेट्रोलच्या लहान मोटरसायकलींवरील कर २०२५ च्या सप्टेंबरांत २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. विजेच्या गाडीचा कर २०१९ पासून ५ टक्के झाला होता, त्यामुळें दोहोंतील अंतर घटलें.

दुसरा गुण साधेपणाचा. या गाडींत इंजिनचें तेल बदलणें नाहीं, कार्ब्युरेटर नाहीं, स्पार्क प्लग नाहीं, बहुतेकींत क्लच व गियरहि नाहींत. हात गळून जाईल असा गर्दीचा रस्ता असला तरी चालविणारास शीण कमी. तिसरा गुण धुराचा. कोणी म्हणेल, भुसावळजवळच्या दीपनगरास कोळसा जळतोच; धूर गल्लींतून उठून तिकडे गेला, एवढेंच. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु पेट्रोलच्या इंजिनांत इंधनांतील शक्तीचा सुमारें चौथा हिस्साच कामीं येतो. विजेच्या मोटरींत चार पंचमांशांहून अधिक येतो. शिवाय वीज केवळ कोळशाची नसते. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीं सुरू झाला, आणि त्याच तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. निदान दाराशीं अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या नाकांत धूर जात नाहीं, हा लाभ आम्ही लहान मानीत नाहीं. मात्र हीच गाडी निःशब्द असते. वृद्ध माणसास व लहान मुलास ती जवळ आल्याचें कळत नाहीं. तेव्हां गल्लीच्या तोंडाशीं कर्णा वाजविण्याची संवय चालविणारानें लावून घ्यावी.

दोषांत पहिला दोष पल्ल्याचा. जाहिरातींतील आंकडा हा चांचणींतला आंकडा असतो. क्रॅटॉसच्या बाबतींत चांचणीचा पल्ला १८० किलोमीटर आणि व्यवहारांतला १२०, असें कंपनीनेंच सांगितलें होतें. आर. व्ही. ४०० ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तीच गाडी, तीच बॅटरी. पण संथ चालीस १५०, मध्यम चालीस १०० आणि भरधाव चालीस ८० किलोमीटर, असे तीन पल्ले तिच्या उत्पादकांनीं दिले. कारण उघड आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट केला कीं विरोध चौपट. स्थालीपुलाकन्यायानें यावरून इतरांचीहि परीक्षा करावी, आणि आपल्या गरजेस सर्वांत लहान आंकडा धरावा. जळगांवाहून भुसावळ सुमारें २५ किलोमीटर, एरंडोल ३०. धुळ्याहून पारोळें ३५. या फेऱ्या जाऊन-येऊन सहज पार पडतात. परंतु जळगांव-धुळें हें एका बाजूचेंच अंतर नव्वदीच्या आसपास आहे. वाटेंत गाडी भरण्याची खात्री नसतांना हमरस्त्यानें या प्रवासास निघणें म्हणजे फजितीस आमंत्रण होय.

दुसरा दोष एकत्र कुटुंबास विशेष बाधणारा आहे. आमच्या घरांत वाहन कोणा एकाचें नसतें. सकाळीं थोरला नेतो, दुपारीं धाकटा बाजारास नेतो, सायंकाळीं भाचा शिकवणीस नेतो. पेट्रोल संपलें तर पांच मिनिटांत भरतां येतें. वर उल्लेखिलेली बॅटरी पूर्ण भरावयास साडेचार तास लागतात. रात्रीं कोणाच्या छातींत कळ आली आणि गाडी रिकामी निघाली, तर बचतीचे आंकडे काय कामाचे? यावर दोन उपाय आहेत. पेट्रोलचें जुनें वाहन लगेच विकूं नये. आणि बॅटरीचा तिसरा हिस्सा शिल्लक राहिला कीं ती कोणींहि न्यावयाची नाहीं, असा नियम करून तो वडिलांपासून धाकट्यांपर्यंत सर्वांनीं पाळावा.

तिसरा दोष आमच्या हवेचा. खानदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि उष्णता ही लिथियम बॅटरीची वैरीण आहे. तिनें तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. भर दुपारीं आलेली गाडी तशीच चार्जिंगला लावूं नये; सावलींत तासभर निवूं द्यावी. शक्य तर पहांटे भरावी. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी थोडी जड असली तरी उष्णता अधिक सोसते आणि सहसा पेट घेत नाहीं. आमच्या भागांत तिला पसंती देणें शहाणपणाचें.

पेट घेण्याचा विषय निघालाच आहे, तर तो स्पष्टच बोललें पाहिजे. २०२२ च्या मार्चांत तमिळनाडूंत वेल्लोर येथें रात्रीं चार्जिंगला लावलेली गाडी पेटली व धुरानें कोंडून बाप-लेक दगावलीं. त्याच सालच्या सप्टेंबरांत आपल्या वसईस घरांत भरत असलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. यानंतर सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या आणि त्या २०२२ च्या डिसेंबरापासून टप्प्यानें लागू झाल्या. त्यापूर्वींची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. पण नियम कितीहि कडक झाले तरी प्लग आपल्याच घरांत असतो. आमच्या जुन्या घरांत गाडी ठेवण्याची जागा बहुधा जिन्याखालीं वा ओसरीवर असते, आणि वरच्या मजल्यावर आजी-आजोबा निजलेले असतात. तेथें आग लागली तर खालीं उतरण्याची वाटच बंद होते. म्हणून बॅटरी निजण्याच्या खोलींत वा जिन्याखालीं कदापि भरूं नये. अंगणांत पत्र्याची सावली करून, जमिनीशीं अर्थिंग जोडलेला १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. लांब वायरीचा बोर्ड वापरूं नये, गाडीबरोबर आलेल्या चार्जरावांचून दुसरा लावूं नये, आणि सर्व झोपीं गेल्यावर भरणें टाळावें. ज्यास अशी जागा नाहीं त्यानें हें वाहन घेऊं नये, मग बचत कितीहि असो.

शेवटला दोष दुरुस्तीचा. ही गाडी कोपऱ्यावरचा मेकॅनिक उघडूं शकत नाहीं. म्हणून कंपनीचें दुरुस्ती-केंद्र आपल्या जिल्ह्यांत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि दोन वर्षें ती गाडी वापरलेल्या कोणा गृहस्थास गांठून त्याचा अनुभव विचारावा. बॅटरीच्या हमीपत्रांत वर्षें किती, किलोमीटर किती आणि शक्ति किती घटल्यास ती बदलून मिळेल, हीं तीन कलमें घरांतील वाचत्या माणसानें स्वतः वाचावीं. नव्या बॅटरीची किंमतहि आधींच लिहून घ्यावी.

एकंदरींत निर्णय असा. ज्याची रोजची फेरी ठराविक, तीस ते साठ किलोमीटरांची आहे, ज्यास भरण्यास उघडी व सुरक्षित जागा आहे, आणि ज्याच्या घरीं अडीनडीस दुसरें वाहन आहे, त्यानें विजेची मोटरसायकल अवश्य घ्यावी. तिनें त्याचा पैसा आणि श्रम दोन्ही वांचतील. ज्याचें जाणें थोडें, अनिश्चित वा फार लांबचें आहे, त्यास पेट्रोलची गाडीच बरी. घरांतील चर्चेंत कोणी नव्यास हंसूं नये आणि कोणी जुन्यास हिणवूं नये. आपली फेरी, आपलें वीजबिल आणि आपलें अंगण हीं तीन पाहिलीं कीं उत्तर आपोआप मिळतें.